पाताळ आकाशात गेले तेव्हा

सुमेरच्या इनान्ना देवीला काही कमी नव्हते. आकाश तिचे, पृथ्वी तिची, उरुकपासून अक्कडपर्यंत सात नगरांत तिची सात मंदिरे. लढाई तिच्या अखत्यारीत आणि शृंगारही तिच्याच. संध्याकाळी मावळतीला आणि पहाटे उगवतीला दिसणारी शुक्राची चांदणी म्हणजे तीच. अशी ही देवी एक दिवस सगळी मंदिरे मागे टाकून पाताळाची वाट धरते. कशासाठी, ते कवी सांगत नाही. खाली तिची थोरली बहीण एरेश्किगल राज्य करते आणि तिथे गेलेला माघारी येत नाही, हे मात्र तिला पक्के ठाऊक असते. म्हणून ती जय्यत तयारी करते. मस्तकावर मुकुट, गळ्यात लाजवर्दाचे मणी, छातीवर अंडाकृती मण्यांची जोडी, त्यावर पदक, हातात सोन्याचे कडे, मोजणीची लाजवर्दी पट्टी आणि दोरी, अंगावर राजवस्त्र. मग आपली विश्वासू मंत्री निनशुबूर हिला ती बजावते, की मी परतले नाही तर आक्रोश कर, ढोल बडव, भिकाऱ्यासारखे एकच वस्त्र नेस आणि देवांच्या दारोदार जाऊन मदत माग.

पाताळाच्या वेशीवर नेती नावाचा द्वारपाल आहे. मेहुण्याच्या उत्तरक्रियेला आले आहे, असे कारण इनान्ना त्याच्यापुढे करते. वर्दी ऐकून एरेश्किगल मांडीवर थाप मारते, ओठ चावते आणि हुकूम सोडते: सातही दरवाजांना अडसर घाला, मग एकेक किलकिला करून तिला आत घ्या. पहिल्या दरवाजात मुकुट उतरतो, दुसऱ्यात गळ्यातले मणी, तिसऱ्यात छातीवरची जोडी. हे काय चालले आहे, असे देवी प्रत्येक वेळी विचारते. प्रत्येक वेळी तिला गप्प केले जाते, कारण पाताळाच्या रिवाजावर तोंड उघडायचे नसते. कवी हा संवाद सातही वेळा जवळजवळ शब्दशः पुन्हा घालतो. नुसते वाचणाऱ्याला याचा कंटाळा येईल. ऐकणाऱ्याला येत नसावा, कारण पुढच्या दरवाजात काय जाणार हे त्याला आधीच माहीत असते आणि ते जाताना बघण्यातच गोडी असते.

सातव्या दरवाजात राजवस्त्र जाते. नागवी झाली तरी इनान्नाचा तोरा जात नाही. ती बहिणीला उठवून स्वतः सिंहासनावर बसते. तेवढ्यात पाताळाचे सात न्यायाधीश तिच्यावर मृत्यूची नजर टाकतात. देवीचे मढे होते आणि ते खुंटीला टांगले जाते.

तीन दिवस आणि तीन रात्री उलटल्यावर निनशुबूर कामाला लागते. एन्लिल आणि नन्ना हे दोघे मोठे देव हात झटकतात. वरचेही हवे, खालचेही हवे, अशा हावेचे हे फळ, असे त्यांचे म्हणणे. एरिदूचा एन्की मात्र बेचैन होतो. तो आपल्या नखांतला मळ काढून त्याचे दोन जीव घडवतो, कुरगरा आणि गलातुरा, आणि जीवन देणारी वनस्पती व जीवन देणारे पाणी देऊन त्यांना धाडतो. हे दोघे माश्यांसारखे फटीतून आत शिरतात. एरेश्किगल वेणांनी तळमळणाऱ्या बाईसारखी कण्हत पडलेली असते. ती पोट दुखते म्हणून विव्हळली की हेही विव्हळतात, ती काळजाच्या नावाने ओरडली की हेही ओरडतात. पाताळाच्या राणीची विचारपूस आजवर कोणी केलेली नव्हती. ती विरघळते आणि मागाल ते देते म्हणते. भरली नदी देऊ करते, पिकले शेत देऊ करते. ते दोघे खुंटीवरचे मढे मागतात.

इनान्ना उठते खरी, पण पाताळाचा हिशेब चुकता होत नाही. तिच्या जागी कोणीतरी द्यावे लागते. गल्ला नावाचे पिशाच्चदूत तिच्यासोबत वर येतात. त्यांना भूक नाही, तहान नाही, आणि लाचही चालत नाही. निनशुबूर शोकाच्या वेषात पाया पडते, तिला इनान्ना सोडते. उम्मा आणि बाद-तिबिरा इथले तिचे जवळचे देवही धुळीत बसलेले दिसतात, त्यांनाही सोडते. नवरा दुमुझी मात्र भरजरी कपडे घालून सिंहासनावर बसलेला सापडतो. इनान्ना त्याच्यावर तीच मृत्यूची नजर टाकते, जी तिच्यावर पडली होती. पुढे अर्धे वर्ष तो आणि अर्धे वर्ष त्याची बहीण गेश्तिनान्ना, अशी पाताळातल्या मुक्कामाची वाटणी होते. आणि काव्याचा शेवट इनान्नाच्या नव्हे, एरेश्किगलच्या स्तुतीने होतो.

चारशेहून अधिक ओळींचे हे काव्य आपल्यापर्यंत फुटक्या मातीच्या पाट्यांतून आले. बहुतेक पाट्या निप्पूरच्या, म्हणजे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने १८८९ ते १९०० या काळात खणलेल्या नगरातल्या. काही तुकडे फिलाडेल्फियात गेले, काही इस्तंबूलला. सॅम्युएल नोआ क्रेमर यांनी १९३७ पासून ते जुळवायला घेतले. तोवर विद्वानांची समजूत होती, की देवी पाताळात गेली ती मेलेल्या नवऱ्याला सोडवायला. १९५१ मध्ये येल विद्यापीठाच्या संग्रहातली एक पाटी वाचून झाली आणि उलटेच निघाले. तिनेच त्याला तिकडे पाठवले होते. पतिव्रतेची गोष्ट हवी असणाऱ्यांची चांगलीच पंचाईत झाली असणार.

या काव्यात पापक्षालन नाही, मुक्ती नाही, जीवाची वाटचालही नाही. देवी चुकून पडलेली नाही, ती स्वतःच्या पायांनी गेली आहे. वाटेत सात दरवाजे आहेत, प्रत्येक दरवाजात काहीतरी उतरवून घेतले जाते, आणि हे सगळे जमिनीखाली घडते. नंतरच्या अक्कडी भाषेतल्या कथेत, जिची प्रत निनवे इथे राजा अश्शुरबनिपाल याच्या ग्रंथालयात सापडली, इनान्नाची इश्तार होते. ती दरवाजा फोडून मेलेल्यांना जिवंतांवर सोडीन अशी धमकी देते. ती खाली असेपर्यंत पृथ्वीवर वळू गाईकडे फिरकत नाही. आणि परतताना प्रत्येक दरवाजात तिचा एकेक दागिना तिला परत मिळतो. हे दागिने पुढे लागणार आहेत.

इथून सुमारे आठशे ते हजार वर्षे पुढे आलो, की हेच सात दरवाजे वेगळ्याच ठिकाणी भेटतात. आता ते डोक्यावर आहेत.

ही उलथापालथ ज्योतिर्विदांमुळे झाली. ग्रीक विचारवंतांनी पृथ्वीला गोल मानून विश्वाच्या मध्यभागी ठेवले आणि तिच्याभोवती चंद्र, बुध, शुक्र, रवी, मंगळ, गुरू, शनी अशी सात कक्षांची एकात एक बसलेली कवचे कल्पिली. त्यांच्या पलीकडे स्थिर तारे. गोल पृथ्वीच्या खाली पाताळाला जागा राहिली नाही, कारण तिच्या सगळ्या बाजूंना आकाशच. मग मेलेल्यांनी जायचे कुठे? प्लुटार्कने पहिल्या-दुसऱ्या शतकाच्या सुमाराला चंद्रावरच्या डागांविषयी एक संवाद लिहिला. त्यात पाताळाची राणी पर्सेफोनी थेट चंद्रावर राहायला गेली आहे. माणूस दोनदा मरतो, असे तिथे सांगितले आहे. शरीर पृथ्वीवर राहते, ते डिमीटरचे. जीव चंद्रावर गळून पडतो, तो पर्सेफोनीचा. उरलेले शुद्ध मन सूर्याकडे जाते. पाताळ आकाशात चढले ते असे, ग्रहगणिताच्या शिडीने.

एकदा हे मान्य केले की पुढचा प्रश्न टळत नाही. मेलेल्यांचा प्रदेश चंद्रापासून वर सुरू होत असेल, तर चंद्राखालचा हा भाग, जिथे आपण राहतो, तो काय आहे? ज्यांना नॉस्टिक म्हणून ओळखतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकांतल्या पंथांनी याचे उत्तर बेधडक दिले. हेच पाताळ. अंधार, विस्मृती, बेड्या, मढी, जे जे पूर्वी खाली होते ते सगळे इथे आहे, आणि आपण त्यात जन्मतो. मुक्ती म्हणजे आपण मूळचे कुठले हे कळणे आणि तिकडे परत जाणे.

अनेक शतके या पंथांविषयी जे माहीत होते ते मुख्यतः त्यांच्या विरोधकांच्या लेखणीतून. चार्वाकांचे मत जसे आपल्याला त्यांचे खंडन करणाऱ्यांनी पूर्वपक्ष म्हणून जपून ठेवले, तसाच प्रकार. ल्योनचा बिशप आयरेनिअस याने इ.स. १८०च्या सुमारास पाच खंडांचा खंडनग्रंथ लिहिला, आणि त्यात इतके तपशील दिले की पंथ संपले तरी मते उरली. मग डिसेंबर १९४५ मध्ये वरच्या इजिप्तमध्ये, नाग हम्मादी गावाजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी, पपायरसच्या तेरा पोथ्या सापडल्या. मडक्यातून त्या काढणारा शेतकरी, चुलीत काही पाने जाळणारी त्याची आई, ही हकिगत सगळीकडे छापली गेली आहे. ती इतकी नाट्यमय आहे की अलीकडच्या काही संशोधकांना तिचा संशय येऊ लागला आहे. पोथ्या मात्र अस्सल आहेत. एका पोथीच्या बांधणीत कडकपणासाठी घातलेल्या रद्दी कागदांवर ३४१, ३४६, ३४८ अशी वर्षे निघाली. भाषा कॉप्टिक, मजकूर बावन्न रचनांचा, मुक्काम आता कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात. या पोथ्यांमुळे वादीचे म्हणणे वादीच्या तोंडून विस्ताराने ऐकायला मिळाले.

त्या म्हणण्याच्या मध्यभागी एक देवता आहे, सोफिया. परमपित्याभोवती तेजोमय शक्तींचे एक पूर्ण मंडल आहे. व्हॅलेंटिनस या नॉस्टिक गुरूच्या अनुयायांच्या मोजणीत या शक्ती तीस, आणि सोफिया त्यांतली सर्वांत धाकटी. तिला पित्याचा थांग लावायची अनावर ओढ लागते. थांग लागत नाही. त्या ओढीत ती विरघळून जाणार, इतक्यात ‘सीमा’ नावाची शक्ती तिला अडवते. सोफिया वाचते, पण तिची ती ओढ तिच्यापासून सुटून मंडलाबाहेर पडते. ती बाहेरची, आकार नसलेली, भेदरलेली सोफिया म्हणजे अखामोथ. ती रडते, घाबरते, गोंधळते आणि प्रकाश आठवून मधूनच हसते. तिच्या भावनांपासूनच आपले जग घडते. अश्रूंपासून पाणी, हसण्यापासून उजेड, भीती आणि दुःखापासून जडद्रव्य.

आयरेनिअसला हे सांगताना हसू आवरत नाही. समुद्राचे पाणी खारट आहे, तेव्हा ते तिच्या आसवांचे हे पटते, पण नद्या आणि विहिरी गोड्या कशा, असे तो विचारतो. गोडे पाणी बहुधा तिच्या घामाचे असावे, असा शेराही मारतो. कोटी चांगली आहे. पण दुःखाचेच जग बनले, ही कल्पना तिने खोडली जात नाही. इनान्ना दरवाजात दागिने सोडून गेली. अखामोथने सोडलेल्या आसवांवर आपण चालतो.

‘योहानाचे गुप्तलेखन’ या ग्रंथात हीच घटना अधिक रोखठोक येते. याच्या चार हस्तलिखित प्रती मिळतात, तीन नाग हम्मादीच्या आणि एक १८९६ मध्ये कैरोत विकत घेतलेल्या बर्लिन पोथीतली. इथे सोफिया जोडीदाराच्या संमतीवाचून एकटीच निर्मिती करायला जाते आणि तिच्यापासून सिंहाच्या तोंडाचा, सापाच्या अंगाचा याल्दाबाओथ जन्मतो. ती शरमेने त्याला ढगाआड लपवते. तो आईची शक्ती चोरून विश्व उभारतो आणि आपल्यावाचून दुसरा देव नाही, अशी बढाई मारतो. बायबलच्या पहिल्या पानावर देवाचा आत्मा पाण्यावर तरंगत होता असे येते. हा ग्रंथ म्हणतो, ते तरंगणे नव्हते. ती सोफियाची येरझार होती, केल्या कृत्याच्या लाजेने घातलेली. नंतर याल्दाबाओथचे ३६५ दूत मिळून आदमाचे शरीर घडवतात; एकाकडे डोके, एकाकडे उजवा डोळा, एकाकडे पायाची नखे, अशी नावनिशीवार यादीच ग्रंथात आहे. तरी पुतळा हलत नाही. शेवटी वरच्या शक्ती याल्दाबाओथला युक्तीने त्यात फुंकर मारायला लावतात. त्या फुंकरीसरशी आईची चोरलेली शक्ती त्याच्यातून निघून माणसात येते. म्हणजे पडलेल्या देवीचा अंश आता आपल्यात आहे, आणि निर्मात्याला हे कळले तोवर वेळ टळली होती.

मराठी वाचकाला इथे मायावाद आठवेल. फरक मोठा आहे. नॉस्टिकांचे जग भास नाही. ते खरे आहे, फक्त बिघडलेले आहे, अडाणी कारागिराने केलेले. दोरीवर सापाचा आभास झाला असे ते म्हणत नाहीत. साप आहे, आणि त्याला सिंहाचे तोंड आहे.

देवी पडली तसाच जीवही पडला, ही गोष्ट सांगणारा एक छोटा ग्रंथ नाग हम्मादीच्या दुसऱ्या पोथीत आहे, ‘जीवाविषयीचे विवरण’. यात जीव ही पित्याच्या घरची कुमारिका आहे. ती शरीरात पडते आणि लुटारूंच्या हाती लागते. कोणी बळजबरी करतो, कोणी भेटवस्तूंनी भुलवतो. दर वेळी तिला वाटते हाच आपला नवरा, आणि दर वेळी तो सोडून जातो. त्या संबंधांतून झालेली मुले मुकी, आंधळी, रोगट. शेवटी ती रडून पित्याला हाक मारते. पिता तिच्यासाठी वर धाडतो, आणि तो वर तिचाच भाऊ आहे, पडण्याआधीचा तिचा जोडीदार. ती खोली सजवून बसते. पण घरातून पडल्यापासून तिला त्याचा चेहराच आठवत नाही, म्हणून ती भेदरलेलीही आहे. सगळ्या ग्रंथात हा एक क्षण मला सर्वांत खरा वाटतो. मुक्ती दारात आली आहे आणि तिला ओळखायचे कसे हे ठाऊक नाही.

हा लेखक पुरावे कुठून कुठून काढतो बघा. होशेय, यिर्मया, यहेज्केल हे संदेष्टे त्याने घेतले ते समजू शकते, पण त्यांच्या पंगतीत त्याने होमरला बसवले आहे. परक्या बेटावर घरासाठी रडणारा ओडिसियस म्हणजे जीव. आणि ट्रॉयला पळवून नेलेली, मुलीची आणि चांगल्या नवऱ्याची आठवण काढून उसासे टाकणारी हेलन म्हणजेही जीव. हेलनला घरातून फूस लावून काढणारी कोण? अफ्रोडाइटी. म्हणजे ग्रीकांची शुक्रदेवता.

हेलन इथे उगाच आलेली नाही. शोमरोनचा जादूगार सायमन आणि त्याची सोबतीण हेलेना यांच्याविषयी आयरेनिअस सांगतो, की ही बाई त्याला सोर नगराच्या वेश्यावस्तीत मिळाली, आणि ती परमेश्वराचा पहिला विचार आहे असे तो सांगत फिरे. तिने देवदूत जन्माला घातले, त्यांनीच तिला कैद केले आणि ती शरीरामागून शरीरात फिरत राहिली, मध्ये एकदा ट्रॉयची हेलनही झाली. विरोधकाने सांगितलेली ही गोष्ट आहे, त्यामुळे वेश्यावस्तीचा तपशील किती मनावर घ्यायचा ते वाचकाने ठरवावे.

आता परतीची वाट. खाली येताना जीव प्रत्येक ग्रहाच्या कवचातून काहीतरी अंगावर चढवत आला आहे, तेव्हा वर जाताना ते उतरवत जायचे. नॉस्टिकांच्या शेजारचा हर्मेटिक पंथ इजिप्तमध्येच वाढला. त्यांच्या ‘पोइमान्द्रेस’ या ग्रंथात ही यादी नेमकी आहे. पहिल्या कक्षेत वाढण्याची आणि घटण्याची शक्ती परत करायची, दुसऱ्यात कपट, तिसऱ्यात वासना, चौथ्यात सत्तेचा माज, पाचव्यात दांडगाई, सहाव्यात धनाची हाव, सातव्यात खोटेपणा. सात दरवाजे, सात गोष्टी, शेवटी उघडे होणे. इनान्नाची यादी डोळ्यांपुढे येते, पण भाव नेमका उलटला आहे. तिचे दागिने हे तिचे सामर्थ्य होते आणि ते गेल्यावर ती मेली. इथे जे उतरते ती घाण आहे, आणि ती उतरल्यावर जीव पहिल्यांदा जिवंत होतो.

नॉस्टिक ग्रंथांत मात्र वर जाणे इतके सुरळीत नाही. दरवाजांवर पहारे आहेत. ‘याकोबाचे पहिले प्रकटीकरण’ या ग्रंथात तर चक्क जकातदार बसले आहेत, तिघे जण, आणि ते जीवांची जकात घेतात. रोमी इजिप्तमधल्या माणसाला हा अनुभव रोजचा होता. नदीच्या घाटावर, वाळवंटाच्या तोंडाशी, नाक्यानाक्यावर सरकारी वसुली चाले. याकोबाला येशू पढवून ठेवतो: कोण म्हणून विचारतील तर पुत्र आहे म्हण, कोणाचा म्हणतील तर पित्याचा, कुठे चाललास म्हणतील तर जिथून आलो तिथे. आणि सर्वांत शेवटी सोफियाचे नाव घे, अखामोथच्या आईचे. ते ऐकून नाकेदार गडबडतील, कारण त्यांना फक्त खालची आई माहीत आहे, वरची नाही. आयरेनिअसने जवळजवळ हीच प्रश्नोत्तरे उतरवून घेतली आहेत. एक पंथ मरणासन्न माणसाच्या डोक्यावर तेल आणि पाणी घालून ती शिकवतो, असे तो लिहितो. म्हणजे हे नुसते ग्रंथातले नव्हते, उशाशी बसून पाठ करून घेतले जात होते. २०१७ मध्ये ऑक्सफर्डमध्ये ठेवलेल्या, इजिप्तमधल्या ऑक्सिरिंखसच्या पपायरसांत याच ग्रंथाचे मूळ ग्रीक तुकडे ओळखले गेल्याचे टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी जाहीर केले.

‘मरियेचे शुभवर्तमान’ या फाटक्या ग्रंथात जीवाची वासनेशी गाठ पडते. तुला खाली येताना मी पाहिले नाही, मग आता वर कसा चाललास, तू तर माझा आहेस, असा वासनेचा दावा. जीव म्हणतो, मी तुला पाहिले होते. तू मला ओळखले नाहीस, कारण तू माझ्या वस्त्रालाच मी समजलीस. एवढे बोलून तो हसत पुढे जातो.

वस्त्राची ही गोष्ट सर्वांत सुंदर रूपात भेटते ती ‘मोत्याचे गीत’ या सिरियाक काव्यात. पूर्वेच्या राजाचा मुलगा रत्नजडित झगा घरी ठेवून इजिप्तला जातो, सापाच्या पहाऱ्यातला मोती आणायला. तिथले अन्न खाऊन तो आपण कोण हे विसरतो. घरून पत्र येते, गरुड होऊन उडत येते, आणि तो जागा होतो. परतताना झगाच त्याला सामोरा येतो आणि त्यात त्याला आरशात पाहावे तसा तो स्वतःच दिसतो. इश्तारला परत मिळालेले दागिने आठवा. हे काव्य ‘थॉमसची कृत्ये’ या ग्रंथात आहे, आणि तिथे ते प्रेषित थॉमस गातो ते भारतातल्या एका राजाच्या तुरुंगात. राजपुत्राला घरून बांधून दिलेल्या ऐवजातही भारतातली रत्ने आहेत. याच ग्रंथात थॉमसला पदरी ठेवणारा गुंदफर राजा कवीच्या कल्पनेतला मानला जाई, पण एकोणिसाव्या शतकात वायव्येकडे गोंडोफर्नीस नावाच्या राजाची नाणी सापडली आणि नाव तरी खरे ठरले.

एवढे सगळे जुळते तर मग सोफिया म्हणजेच इश्तार का? फिनलंडचे अश्शुरविद्याविशारद सिमो पार्पोला यांनी १९९७ मध्ये तसे जोरात मांडले. त्यांच्या मते इश्तारचे पाताळगमन हे मुळातच जीवाच्या पतनाचे आणि उद्धाराचे रूपक होते, आणि नॉस्टिकांनी ते तसेच उचलले. जेरॉल्ड कूपर यांनी २००० मध्ये त्यांचा सविस्तर समाचार घेतला. मला कूपर यांची बाजू बरोबर वाटते. मूळ काव्यात ते रूपक कुठे दिसत नाही, ते मागाहूनच्या चष्म्यातून दिसते. सोफियाचे जवळचे माहेर यहुदी ग्रंथांत आहे. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात देवाशेजारी उभी असलेली प्रज्ञादेवी आहे. हनोखच्या पुस्तकात तर ती माणसांत राहायला उतरते, कुठे जागा मिळत नाही, आणि मुकाट्याने परत जाऊन देवदूतांत बसते. उतरणे, नाकारले जाणे, परतणे, हा आराखडा तिथे तयार आहे. ‘योहानाचे गुप्तलेखन’ याच्या मोठ्या प्रतीत शेवटी प्रोनोइया, म्हणजे वरची आई, तीनदा खाली उतरते. दोनदा जगाचा पाया हलू लागला म्हणून माघारी फिरते आणि तिसऱ्यांदा देहाच्या तुरुंगात शिरून झोपलेल्याला उठवते. ही देवी मढे होत नाही आणि बदली कोणाला देतही नाही.

इश्तार नॉस्टिकांपर्यंत पोहोचलीच नाही, असे मात्र नाही. ती पोहोचली, अगदी नावानिशी, पण पार्पोला यांना हवी त्या जागी नाही.

दक्षिण इराक आणि इराणच्या खुजिस्तानात मंदाई नावाचा समाज आहे. नॉस्टिक परंपरेतला हा एकच समाज आजही जिवंत आहे. सोनारकी आणि होड्या बांधणे हे त्यांचे जुने धंदे. वाहत्या पाण्यातला बाप्तिस्मा हा त्यांचा मुख्य विधी, आणि तो एकदाच नव्हे तर आयुष्यभर पुन्हा पुन्हा घ्यायचा. मरणाऱ्या माणसाला जीव असतानाच स्नान घालून पांढरी वस्त्रे नेसवतात, कारण मळक्या कपड्यांत पुढचा प्रवास होत नाही. तिसऱ्या दिवशी जीव घर सोडतो आणि पंचेचाळीस दिवसांचा प्रवास सुरू होतो. वाटेत मतर्ता नावाची पहाऱ्याची ठाणी लागतात, शेवटी अबाथूरच्या तराजूत त्याला आदमाचा मुलगा शितील याच्या जीवाशी तोलले जाते. या काळात इथे पुरोहित ‘मसिक्ता’ हा आरोहणविधी करतात, रोट्या आणि प्रार्थनांनी जीवाला ठाण्यामागून ठाणे पार करवतात. इंग्रज संशोधिका ई. एस. ड्रॉवर यांनी या समाजात वर्षानुवर्षे वावरून हे विधी पाहिले आणि १९३७ मध्ये त्यांवर ग्रंथ छापला.

ठाण्यांवर कोण बसले आहे? सात ग्रह, आणि त्यांची आई रुहा, अंधाराच्या लोकातली स्त्रीशक्ती. सातांतल्या शुक्राचे मंदाई नाव लिबात. बाबिलोनचे ज्योतिषी शुक्राला दिलबात म्हणत, त्याचेच हे रूप, आणि तिला एस्तेरा असेही म्हणतात, म्हणजे इश्तार. सुमेरी कवीने जिला सात दरवाजांत एकेक दागिना काढून नागवे केले, तीच देवी आता दरवाजावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या जीवांना अडवते आहे. पोइमान्द्रेसमधली तिसरी कक्षा ग्रहांच्या तेव्हाच्या क्रमाने मोजली तर शुक्राचीच येते, आणि तिथे वासना जमा करायची असते. हेलनला फूस लावणारीही तीच. पाताळ वर सरकले तेव्हा जुने देव त्याच्याबरोबर गेले ते कैद्यांच्या नव्हे, तुरुंगाधिकाऱ्यांच्या पदावर.

२००३ नंतरच्या हिंसाचारात इराकमधले बहुतेक मंदाई देशोधडीला लागले. खंडण्या, अपहरणे, सोनारांच्या दुकानांवर दरोडे असे सगळे झाले. मोठ्या वस्त्या आता स्वीडन आणि ऑस्ट्रेलियात आहेत. सिडनीच्या पश्चिमेला नेपिअन नदीत पांढऱ्या वस्त्रांतले पुरोहित कंबरभर पाण्यात उभे राहून बाप्तिस्मा देतात. त्यांची संख्या इतकी कमी आहे की मसिक्तासाठी आवश्यक तेवढे पुरोहित एका गावात मिळतीलच याची खात्री नसते.